बहात्तरच्या पोटातून

1972 च्या जूनचा पहिला आठवडा आहे. तुम्ही वैजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आहात आणि तुम्हाला कोणी पाहू शकत नाही, कारण तुम्ही जेमतेम एका पेशीएवढ्या आहात. या प्रवासात तुम्हाला मुलगी म्हणूनच जन्मायचं आहे. पुरुष वाचकांनी तेवढं सोसावं. का ते दसऱ्यापर्यंत कळेल.

बाहेर तुमची माय उंबऱ्यात बसून पाळी घातलेल्या रानाकडे बघते आहे. मृग दोन दिवसांवर आलाय. गेली दोन सालं पाऊस धड झालेला नाही, कणगीत तळाला हात लागतो. आत, तुमच्या त्या एका पेशीत, मोठी पुसापुशी चालली आहे. माणसाच्या डीएनएमध्ये सायटोसिनच्या पुढे ग्वानिन येतं अशा सुमारे 2 कोटी 80 लाख जागा आहेत. त्यांतल्या बहुतेक जागांवर मिथाइलची खूण असते: एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स. जनुकाच्या सुरुवातीपाशी या खुणांची दाटी झाली की ते जनुक सहसा गप्प बसतं. अक्षर बदलत नाही, वाचन बदलतं. बापाकडून आलेल्या डीएनएवरच्या खुणा पहिल्या काही तासांतच पुसल्या जातात. आईच्या बाजूच्या हळूहळू, पेशी दुभंगत जाईल तशा. आयजीएफ-2 सारख्या मोजक्या जनुकांवरच्या खुणा मात्र या झाडूतून सुटतात.

आठवड्याभरात तुम्ही जवळजवळ कोऱ्या होता. मग गर्भाशयाच्या अस्तरात रुतता आणि नवं लिहिणं सुरू होतं. त्याला शाई लागते. मिथाइल कुठून येतं? फोलेटमधून, आणि ते फिरवायला लागणाऱ्या बी12 मधून. म्हणजे शेवटी मायच्या ताटातून. तर ताट बघा. बांधावरचा तांदुळजा आणि घोळ पाऊस पडला तरच उगवणार. तो मृगातही पडत नाही आणि आर्द्रातही नाही. घर माळकरी, त्यामुळे अंडं-मांस नाही. बी12 दुधातून मिळालं असतं, पण चाऱ्यावाचून हडकलेली गाय जुलैच्या बाजारात गेली. भाकरी आहे, तीही मोजून.

आता दसरा. तुम्ही वीस आठवड्यांच्या आहात, वीतभर. गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं आहे आणि माय रोज तिथे जाते. पुरुष टिकावाने मुरूम खणतात, बाया पाट्या वाहतात. मुकादम हजेरीपट घेऊन बाभळीच्या सावलीला उभा. मायच्या मागची म्हातारी तिचं पोट बघून म्हणते, "पाटी हलकी घे ग माय." माय म्हणते, "हलकी घेतली तर माप कसं भरायचं?"

आणि याच आठवड्यात तुमच्या शरीरात, तुमच्या वालाएवढ्या बीजांडकोशात, 60 ते 70 लाख बीजपेशी आहेत. आयुष्यात पुन्हा कधीही इतक्या असणार नाहीत. जन्मापर्यंत त्या 10-20 लाखांवर येतील. त्यांतली एक 1995 मध्ये जागी होईल आणि तिच्यातून तुमची लेक जन्मेल. म्हणजे मुरमाची ती पाटी एका वेळी तीन पिढ्या वाहताहेत. हे ऐकायला फार थरारक वाटतं आणि म्हणूनच इथे थोडं थांबायला हवं. तुमच्या पोटातल्या त्या बीजपेशींवरच्या खुणाही याच सुमारास पुसून झालेल्या असतात. नव्या लागतात त्या पुष्कळ पुढे, एकेक बीज पिकायला लागल्यावर. त्यामुळे दुष्काळ सरळ नातीच्या डीएनएवर लिहिला गेला, असं व्याख्यानात ऐकलं तर माना डोलवू नका. पुसणारा हात दोनदा फिरतो. माणसात त्यातून पार होऊन आलेल्या खुणांचा पुरावा आजही तुटपुंजा आहे. उंदरांची गोष्ट थोडी निराळी, तिकडे जाऊच.

थंडी पडते. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी येते, तिला सगळे मिलो म्हणतात. भाकरी थापताना चिरते, खाताना घशात अडते. कामावर सुकडी वाटतात, माय अर्धी पदरात बांधून घरच्या पोरांसाठी नेते. राज्यभर हेच चालू आहे: 1973 च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं असतील. याच कामांतून, वि. स. पागे यांच्या आग्रहातून, रोजगार हमी योजना उभी राहील. पण तुमच्या शरीराला योजना कळत नाहीत, त्याला तुटवडा कळतो. वाढणारं शरीर तुटवड्यात काटकसर करतं, आणि कोणाला आधी द्यायचं याचा त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी मेंदू. मग जमेल तेवढी चरबी. स्नायू, यकृत, स्वादुपिंडातल्या इन्सुलीनच्या पेशी, मूत्रपिंडं यांच्या वाट्याला उरलंसुरलं.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात तुमचा जन्म होतो, 1973, सुईणीच्या हातावर. सहाव्या रात्री पाटा-वरवंट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन कपाळावर लिहून जाणार म्हणून घर जागतं. तुम्ही आतून आला आहात, तुम्हाला माहीत आहे की लिहिणं नऊ महिने आधी सुरू झालंय आणि ते सहाव्या रात्री थांबणारही नाही. सटवाईचं लिहिलेलं बदलत नाही म्हणतात. हे बदलतं, हा मोठाच फरक.

आता त्याच आठवड्यात, याच रात्री, न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात चला. क्वीन मेरी प्रसूतिगृहात धुतलेल्या चादरीवर एक मूल निजलं आहे. एप्रिल 1972 ते मार्च 1973 या एका वर्षात इथे जन्मलेल्या 1,037 मुलांवर संशोधक पुढे आयुष्यभर नजर ठेवणार आहेत. आपल्या दुष्काळाचं आणि या मुलांच्या जन्माचं वर्ष तेच, हा योगायोग आहे; पण फार बोलका. या मुलांचे रक्तदाब, साखर, मूत्रपिंडं, फुप्फुसं, दातांच्या हिरड्यासुद्धा 26, 32, 38 आणि 45 व्या वर्षी मोजल्या जातील. त्यातून कळेल की एकाच साली जन्मलेली माणसं एका वेगाने म्हातारी होत नाहीत. पंचेचाळिशीपर्यंत कोणाचं शरीर कॅलेंडरच्या एका वर्षात 0.40 वर्षानेच पुढे सरकत होतं, तर कोणाचं 2.44 वर्षांनी. मग 2022 मध्ये डीएनएवरच्या 173 जागांच्या मिथाइलवरून हा वेग एका रक्ततपासणीत वाचायची पद्धत जाहीर होईल, डनेडिनपेस नावाची. तिचा माप-दंड म्हणजे ही चादरीवरची मुलं. तुम्ही वैजापुरात गोधडीत आहात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक उडी आणखी मागे, हॉलंडमध्ये, 1944-45 चा हिवाळा. रेल्वेचा संप, जर्मनांची नाकेबंदी, गोठलेले कालवे. माणशी रोजचं रेशन 400 ते 800 कॅलरीपर्यंत उतरलेलं. मे 1945 मध्ये सुटका. साठ वर्षांनी बास हेइमान्स आणि एल. एच. लुमे यांच्या गटाने त्या उपाशी महिन्यांत गर्भात रुजलेल्यांचं रक्त तपासलं आणि 2008 मध्ये लिहिलं की आयजीएफ-2 जनुकावर त्यांच्या मिथाइलच्या खुणा कमी आहेत. कोणाच्या तुलनेत? त्यांच्याच सख्ख्या भावा-बहिणींच्या, जे भुकेच्या आधी किंवा नंतर जन्मले. 2024 मध्ये अशाच 951 जणांच्या रक्तावर डनेडिनचं माप लावलं, तर गर्भात उपाशी राहिलेल्यांचं वय जास्त वेगाने धावताना दिसलं, बायांमध्ये अधिक.

हे वाचून मराठवाड्यात कोणी म्हणेल, चला, आपलंही तसंच. मला ते पटत नाही. डच बाई त्या हिवाळ्याआधी खाऊनपिऊन सुखी होती आणि मे महिन्यानंतर पुन्हा झाली. भुकेला आदी होता, अंत होता, म्हणून संशोधकांना तिच्या दोन लेकरांत तुलना करता आली. वैजापूरच्या वाडीत ते भरल्या पोटाचं भावंड कुठून आणायचं? तुमचा थोरला भाऊ 1970 चा, धाकटी बहीण 1975 ची. माय त्या दोन्ही वेळी सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते जेवत होती. आपल्याकडे दुष्काळाची खूण शोधायची तर ती उपासमारीच्या रोजच्या खुणेखालून वेगळी काढावी लागेल, आणि ते काम अवघड आहे.

त्यासाठीच उंदीर. आनंदवर्धन हर्डीकर, चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये उंदरांच्या अशा वंशाचं काम प्रसिद्ध केलं, जो सलग 50 पिढ्या कमी अन्नावर ठेवला होता. त्यांच्यात बी12 कमी, रक्तात इन्सुलीन चढं, मधुमेहाकडे कल. मग दोन पिढ्या पोटभर खायला घातलं. सुटलं नाही. उलट लठ्ठपणाची भर पडली. इन्सुलीनच्या जनुकापाशी, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा तशाच बदललेल्या राहिल्या. माणसाच्या 50 पिढ्या म्हणजे किती? पंचविशीची पिढी धरा, साडेबाराशे वर्षं. तेवढं मागे गेलात तर तुमच्या वाडीपासून काही कोसांवर, वेरूळला, राष्ट्रकूट कृष्ण राजाच्या काळात कैलास लेणं वरून खाली कोरलं जात असेल. छिन्नी मारणाऱ्यांच्या शिदोरीत काय होतं ते लेण्यात कुठे कोरलेलं नाही. तिथून पुढे येताना वाटेत दुर्गाडीचा दुष्काळ, मग 1630 चा. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण प्रश्न उभा राहतोच: एका पावसाळ्याचा हिशेब मागायचा की साडेबाराशे वर्षांचा?

पुढे चला, आता जरा भराभर. 1976, पैठणला नाथसागर भरतो. 1980 च्या सुमारास शाळा, चौथीपर्यंत. 1991 मध्ये लग्न, नवरा वाळूजच्या एमआयडीसीत कामाला, रांजणगाव शेणपुंजीत पत्र्याची खोली. सकाळी हातावर मिश्री, सासूने लावलेली सवय.

1993 मध्ये मात्र थोडा थांबा आणि पुण्याकडे बघा. केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बाया आणि त्यांची बाळं मोजू लागले आहेत. त्यांना दिसतं की ही बाळं इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक हलकी आहेत, हातापायाला काटकुळी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. बारीक दिसणारी, आतून जाड बाळं. याज्ञिकांनी पुढे 2004 मध्ये जॉन युडकिन या इंग्रज मित्राबरोबर लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला: दोघांचा बीएमआय तोच, 22.3, पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. पुण्याच्या त्या गावांत दर तीन मातांमागे सुमारे दोघींत बी12 कमी निघालं. आणि ज्या मातांत बी12 कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलीनला दाद न देण्याची लक्षणं अधिक. फोलेटच्या गोळ्या सरकार वाटतं, बी12 कोणी वाटत नाही. शाईच्या दोन दौती, एक भरलेली, एक कोरडी.

1996 मध्ये घाटीत तुमची लेक जन्मते. घाटी म्हणजे औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय; महाविद्यालय 1956 पासूनचं. शहराचं नाव बदललं तरी मराठवाडा अजून घाटीच म्हणतो. वजन 2 किलो 400. बाळंतपणानंतर तुमचं पोट काही उतरत नाही. हात-पाय बारीकच. भाकरीच्या जागी आता रेशनचा गहू-तांदूळ, दुपारी बिस्किट-चहा, नवऱ्याच्या रात्रपाळीच्या तालावर तुमची झोप. दुष्काळासाठी बांधलेल्या शरीरात सुकाळ ओतला जातो. इन्सुलीनच्या पेशी मुळातच कमी लागल्या होत्या. चाळिशीत त्या दमतात. साखर 2013 मध्ये सापडते, पायाची जखम बरी होत नाही म्हणून.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये स्टीव्ह हॉर्व्हाथ डीएनएवरच्या 353 जागांवरून माणसाचं वय ओळखतात, साधारण साडेतीन वर्षांच्या चुकीने, रक्तात पाहा की मेंदूत. तेव्हापासून वय हे खुणांवरून वाचता येतं हे पक्कं झालं. वाढत्या वयात त्या खुणांचं काय होतं? जिथे दाट असायला हव्यात तिथून गळतात, जिथे नकोत तिथे बसतात. पेशीला बेलगाम वाढू न देणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी त्यांची गर्दी झाली की कर्करोगाला एक दार उघडतं. स्पेनमध्ये 2005 साली जुळ्यांवर दाखवलं गेलं की तीन वर्षांच्या एकसारख्या जुळ्यांच्या खुणा जवळजवळ तशाच असतात, पन्नाशीच्या जुळ्यांच्या मात्र पुष्कळ फारकत घेतात. बायांमध्ये पाळी लवकर गेली की रक्ताचं हे वय पुढे पळालेलं दिसतं. विडी-सिगारेटची खूण तर इतकी ठळक की एएचआरआर नावाच्या जनुकावरच्या एका जागेवरून ओढणारा ओळखता येतो. आणि सोडली की ती हळूहळू भरून येते. भरून येते, हे महत्त्वाचं.

आता 2025. तुम्ही 52 वर्षांच्या. समजा, कोणी तुमच्या रक्ताचा तो वेग काढला आणि 1.12 आला. म्हणजे काय? डनेडिनच्या माणसाच्या सरासरीपेक्षा तुमचं शरीर शेकडा बाराने जास्त वेगाने झिजतंय. पण त्या बाराचे वाटे कसे पाडणार? पाझर तलावाचे किती, मिश्रीचे किती, पत्र्याखालच्या मे महिन्यांचे किती, रात्री जागून आठवड्याने येणारं नळाचं पाणी भरण्याचे किती? माप दूध पिऊन वाढलेल्या मुलांवर बेतलेलं आहे. ते खोटं नाही, पण ते तुमच्यासाठी शिवलेलं नाही. मोठ्या गटांबद्दल ते खरं सांगतं, एकट्या बाईबद्दल फारसं नाही. काही खासगी कंपन्या हे आकडे माणसागणिक विकतात. त्या पैशात वर्षाच्या पालेभाज्या येतील, असं माझं मत.

थोडं पुढेही डोकावून घ्या, 2043. तुम्ही सत्तरीच्या. सत्तरी ओलांडलेल्या दहांपैकी साधारण एकाच्या रक्तात एकाच पेशीची पिलावळ माजलेली असते, आणि बहुतेकदा बिघाड असतो डीएनएमटी-3ए किंवा टेट-2 या जनुकात. म्हणजे मिथाइल लिहिणारा हात किंवा पुसणारा हातच अधू झालेला. अशा माणसांत हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट होतो आणि रक्ताच्या कर्करोगाचाही वाढतो. त्यातल्या काही रोगांवर ॲझासायटिडीन हे खुणा उतरवणारं औषध आजच दिलं जातं. उंदरांच्या डोळ्यांत खुणा तरुणपणाकडे फिरवून दृष्टी परत आणल्याचं 2020 मध्ये छापून आलं आहे. माणसांबाबत इतकंच सांगतो: गर्दी करू नका.

परत या. लेक आता 29 वर्षांची, सिडकोत राहते, लग्नाला दोन वर्षं झालीत आणि मूल हवंय. मुंबईच्या वस्त्यांमध्ये सरस नावाचा प्रयोग झाला होता: गर्भ राहण्याआधीपासून बायांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. गरोदरपणातला मधुमेह तुलनेच्या गटात 12.4 टक्के निघाला, यांच्यात 7.3. पुण्याच्या सहा गावांतली 1993 नंतरची ती बाळं मोठी झाली, तेव्हा 2012 पासून त्यांना किशोरवयातच बी12 देऊन बघायला घेतलं, म्हणजे त्यांची बाळं पोटात यायच्या आधी दौत भरलेली असावी.

तुम्ही लेकीला एवढंच सांगता की आधी बी12 तपासून घे. रिपोर्ट येतो, कमी. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारते, "आई, मग अंडं खाल्लं तर चालेल का तुला?"

"माळ माझ्या गळ्यात आहे," तुम्ही म्हणता. "तुझ्या कुठंय? फक्त माझ्या पातेल्यात नको उकडू."

घाटीसमोरच्या मेडिकलवर तिच्या गोळ्या घेताना दुकानदार तुमच्या साखरेच्या चिठ्ठीकडे बघतो आणि विचारतो, मावशी, मेटफॉर्मिन किती वर्षं चालूय? बारा. तीही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी12 उतरवते, डॉक्टरांना विचारून तुमचंही तपासून घ्या, तो म्हणतो. तुम्ही उन्हातून पुन्हा फाटकाकडे वळता, ओपीडीच्या रांगेत चिठ्ठी काढायला. बारा वाजायला अजून वीस मिनिटं आहेत.